जोड

तिरुवान्मियूरच्या त्या ब्राउझिंग सेंटरमध्ये आठ संगणक होते आणि त्यांतला चार नंबरचा सगळ्यांत मंद होता. सायबर कॅफेला चेन्नईत ब्राउझिंग सेंटर म्हणतात, हे २००१ साली इथं आल्यावर मला कळलं. टायडल पार्क उघडून वर्षच झालं होतं. त्याच्या आसपास खोल्या घेऊन राहणारी आम्ही पोरं कुठकुठली होतो. मी सांगली जिल्ह्यातला, कुणी नागपूरचा, कुणी विजयवाड्याचा, कुणी कोट्टयमचा, दोघं मदुराईचे. शनिवारी रात्री दहाला दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं, मालक अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीवर पेपर तोंडावर घेऊन झोपायचे, आणि आठ पडद्यांवर 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग सुरू व्हायचा.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना एवढंच सांगतो. सुरुवातीला तुमच्याकडे तीन गावकरी असतात, एक घोडेस्वार असतो आणि गावाची चावडी म्हणावी अशी एक इमारत असते. बाकी सगळा अंधार. घोडेस्वार फिरवून मेंढरं शोधायची, लाकूड तोडायचं, शेतं करायची, गाव वाढवायचं, एकेक युग ओलांडायचं. त्या अंधारापलीकडं आणखी कुणीतरी नेमकं हेच करत असतं. ते कधी आणि कुठून चालून येईल हे ठाऊक नसतं. ही न दिसणारी दुसऱ्याची चाहूल हाच या खेळाचा प्राण. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये 'एन्सेम्बल स्टुडिओज'नं तो घडवला आणि १९९९ साली तो बाजारात आला.

चार नंबरवर कुणी बसायचं यासाठी आम्ही चिठ्ठ्या टाकायचो. कारण तो संगणक अडखळला की बसणारा एकटाच अडखळत नसे. आठही पडद्यांवरचे सैनिक पाण्यातून चालल्यासारखे चालू लागत. असं का होतं हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या काळी लोक टेलिफोनच्या तारेवरून, २८.८ च्या मोडेमवर खेळायचे. आठ खेळाडूंचे मिळून दीड हजार तिरंदाज रणात उभे राहिले, तर प्रत्येकाची जागा क्षणोक्षणी कळवणं त्या तारेला झेपणारं नव्हतं. म्हणून या खेळाच्या कर्त्यांनी वेगळी वाट काढली. सैन्य तारेवरून पाठवायचंच नाही, फक्त हुकूम पाठवायचे. 'हे दहा जण तिकडं निघाले' एवढाच निरोप. तो निरोप सगळ्यांपर्यंत पोचायला थोडा अवधी द्यायचा, मग आठही संगणकांनी तो एकाच वेळी अमलात आणायचा. प्रत्येक संगणक पूर्ण लढाई स्वतःपुरती खेळतो, आणि आठही लढाया तंतोतंत सारख्या राहाव्या लागतात. त्यामुळं कुणालाच पुढं पळता येत नाही. जो सगळ्यांत मंद, त्याच्या पावलानं सगळ्यांनी चालायचं. एका यंत्राची सोय म्हणून केलेली ही रचना माझ्या मनात घर करून बसली आहे.

मग डाव मोडला. असे डाव कुणी ठरवून मोडत नाही. एकाची बदली झाली, एकाचं लग्न झालं, एक परदेशी गेला. आठाचे पाच झाले, पाचाचे तीन. २००६ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टनं आपल्या 'झोन'वरचं सीडीच्या खेळांचं सार्वजनिक अंगण बंद केलं. अनोळखी लोक जिथं या खेळासाठी एकमेकांना गाठायचे ती जागाच गेली. २००९ च्या सुरुवातीला एन्सेम्बल स्टुडिओजही बंद झाला. आमच्या ब्राउझिंग सेंटरच्या जागी आधी झेरॉक्सचं दुकान आलं आणि नंतर मोबाइल रिचार्जचं. खेळाची सीडी मात्र माझ्याकडं होती. कधी रात्री एकटा बसलो की ती लावायचो आणि संगणकाविरुद्ध खेळायचो.

संगणक हरवायला सोपा नव्हता. पण त्याच्याशी खेळताना काहीतरी नव्हतं, आणि ते काय हे मला नीट सांगता यायचं नाही. आता सांगता येईल असं वाटतं. संगणक हरला तर त्याचं काही जात नाही. मी धाडसानं एखादी चाल केली तर तो चकित होत नाही. मागच्या शनिवारी मी त्याला डोंगराआडून येऊन गाठलं होतं, म्हणून या शनिवारी तो डोंगराकडं डोळा ठेवून बसणार नाही. आमच्यात काही साठत नाही. माणसाशी खेळलेल्या प्रत्येक डावात मागचे सगळे डाव दडलेले असतात. भिडू आणि भिडणं हे दोन शब्द मला एकाच घरातले वाटतात. जो भिडतो तोच सोबतही करतो. खेळ जुना होतो तेव्हा त्याची चित्रं जुनी होतात, आवाज जुने होतात, त्यानं काही बिघडत नाही. समोर बसणारं माणूस उठून गेलं की मात्र खेळ संपतो.

२०२० च्या टाळेबंदीत चेन्नई अशी निःशब्द झाली की तिरुवान्मियूरच्या घरात समुद्राची गाज रात्रभर ऐकू यायची. त्या दिवसांत नागपूरच्या मित्राचा फोन आला. म्हणाला, "अरे, आपला खेळ परत आलाय. नवा करून. लोक खेळताहेत." २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये खेळाची 'डेफिनिटिव्ह एडिशन' निघाली होती, हे मला ठाऊकच नव्हतं. मी ती घेतली आणि क्रमवारीच्या सामन्यांसाठी नाव घातलं. नवख्याला हजार गुणांवर उभं करतात, तसं मलाही केलं. पहिला सामना अठराव्या मिनिटाला हरलो, दुसरा पंधराव्या. आमच्या आठ जणांत मी बऱ्यापैकी मानला जायचो. पण या वीस वर्षांत जगानं या खेळाचा किती अभ्यास केला होता! कितव्या सेकंदाला कोणत्या गावकऱ्यानं काय करायचं हे लोकांना पाठ होतं. ओळीनं नऊ डाव हरलो. दहाव्याला समोर आलेला माणूस माझ्याचसारखा चाचरत होता. तो डाव तासभर चालला. मी हरलो की जिंकलो हे आता आठवत नाही, पण डाव संपल्यावर मी बराच वेळ तसाच बसून होतो, आणि खूप वर्षांनी छातीत ती जुनी धडधड होती.

त्या रात्री मला गावची जत्रा आठवली. आमच्याकडं कुस्त्यांचं मैदान भरतं तेव्हा सगळ्यांत अवघड काम पैलवानाचं नसतं, ते जोड लावणाऱ्या पंचांचं असतं. वडील मला खांद्यावर घेऊन ते दाखवायचे. पंच पोरांच्या रांगेसमोरून फिरायचे, एखाद्याच्या मानेवर हात टाकायचे, दंड चाचपायचे, "कुठल्या तालमीचा?" विचारायचे, मग दोघांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे. जोड चुकली तर कुस्ती अर्ध्या मिनिटात संपते. लोक हळहळतात आणि हरलेलं पोर पुढच्या वर्षी येत नाही. जोड बरोबर पडली तर मैदान उठून उभं राहतं. अगदी लहानग्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागायच्या. रेवड्या दोघांनाही मिळायच्या. पाठीला माती लागलेलं पोरसुद्धा तोंडात रेवडी घोळवत हसत बाहेर यायचं. त्या मैदानात पुढच्या वीस वर्षांचे पैलवान असेच राखले जात होते.

पंचांच्या त्या अंदाजालाच अर्पाद ईलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकानं गणिताचं रूप दिलं. बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेनं ते १९७० साली स्वीकारलं. दोन खेळाडूंत दोनशे गुणांचं अंतर असेल, तर वरचढ खेळाडू चारांतले साधारण तीन डाव मारणार हे त्यात गृहीत असतं. म्हणून दुबळ्याला हरवून फारसं काही मिळत नाही, आणि बलवानाशी हरून फारसं जात नाही. आज कितीतरी ऑनलाइन खेळांतल्या जोड्या याच विचारानं लागतात, आमच्या खेळातल्याही.

ईलो हा शब्द चेन्नईत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. इथं भाजी घेताना शेजारच्या बाई मुलाचे गुण सांगतात ते परीक्षेचे असतीलच असं नाही. मॅन्युएल आरन यांनी १९७२ साली सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात ताल चेस क्लब उभा केला, आणि त्याच क्लबात लहानगा विश्वनाथन आनंद विजेच्या वेगाचे डाव खेळत वाढला. २०२२ साली मामल्लपुरमला बुद्धिबळाचं ऑलिम्पियाड भरलं तेव्हा नेपियर पूल पांढऱ्या-काळ्या चौकटींनी रंगवला होता. बसमधून तो पूल ओलांडताना माझ्या मनात यायचं, बुद्धिबळ हा केवढा जुना खेळ! मग तो म्हातारा का होत नाही? कारण या शहरात कोणत्याही वयाच्या, कोणत्याही ताकदीच्या पोराला संध्याकाळी त्याच्या तोडीचा कुणीतरी सापडतो.

जुन्या ऑनलाइन खेळाचं दुखणं नेमकं इथंच असतं. माणसं कमी झाली की जोड सापडायला वेळ लागतो. वाट पाहून कंटाळा येऊ नये म्हणून मग फरक जास्त असलेल्यांनाही समोरासमोर उभं करतात. नवखा चिरडला जातो आणि सोडून जातो. माणसं आणखी कमी होतात. उरतात ते वर्षानुवर्षं खेळणारे तरबेज, आणि त्यांच्या दारात जायला नवा माणूस घाबरतो. विहिरीचा उपसा बंद झाला की तिचे झरे बुजतात, तसंच हे.

मग या खेळाचे झरे मोकळे कसे झाले? मी खूप वाचलं, विचारलं, पाहिलं. पहिली गोष्ट ही, की काही माणसं गेलीच नव्हती. झोन बंद झाल्यावर चाहत्यांनी 'वूबली'सारख्या दुसऱ्या जागी मुक्काम हलवला आणि तिथं क्रमवारी चालू ठेवली. काही चाहत्यांनी 'फरगॉटन एम्पायर्स' नावाची भर स्वतःच रचली. ती इतकी चांगली निघाली की २०१३ साली तिला अधिकृत दर्जा मिळाला. म्हणजे खेळाचे घरमालक निघून गेले तेव्हा भाडेकरूंनी छप्पर शाकारलं, आणि पुढं घर त्यांच्याच हाती आलं. 'विसरलेली साम्राज्यं' हे नाव घेऊन आलेली ही माणसं न विसरण्याचं काम करत होती.

दुसरी गोष्ट, डावाचे नवे प्रकार. 'एम्पायर वॉर्स' नावाच्या प्रकारात सुरुवातीचा अंधारयुगाचा भाग गाळला आहे. बसवलेलं गाव हाती येतं आणि लढत लगेच जुंपते. ज्याला दिवसभराच्या कामानंतर अर्धाच तास मिळतो त्याला हे दार उघडं झालं. तिसरी गोष्ट, प्रेक्षक. 'हिडन कप' या स्पर्धेत नामांकित खेळाडू आपली खरी नावं लपवून, इतिहासातल्या माणसांची नावं घेऊन उतरतात, आणि पाहणारे केवळ खेळाच्या ढबीवरून ओळखायला बघतात की हा कोण. एखाद्या गायकाला पहिल्या आलापात ओळखावं तसं हे रसिकांचं काम आहे. २०२२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या किल्ल्यात या खेळाची मोठी स्पर्धा भरली. पडद्यावर किल्ले पाडणारी माणसं खऱ्या किल्ल्याच्या भिंतींत बसून खेळत होती. तेवीस वर्षांच्या खेळाला हा मान मिळाला हे पाहून मला भरून आलं.

चौथी गोष्ट माझ्या दारातच घडली. २०२२ च्या एप्रिलमध्ये खेळात भारतातली नवी राज्यं आली. त्यात 'द्राविड' होते, त्यांच्या हातात उरुमी ही पट्ट्यासारखी लवलवणारी तलवार होती, त्यांचं आरमार बळकट होतं, आणि त्यांची मोहीम राजेंद्र चोळाची होती. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर 'पोन्नियिन सेल्वन' पडद्यावर आला आणि चेन्नईतल्या पोरासोरांच्या तोंडी चोळ राजांची नावं आली. खालच्या मजल्यावरचा बारा वर्षांचा मुलगा एके दिवशी दारात उभा राहिला. "अंकल, तुमच्याकडं राजेंद्र चोळन आहे म्हणे?"

मी त्याला खेळ शिकवला. मोहिमा त्यानं दिवाळीच्या सुट्टीत उरकल्या, आणि मग म्हणाला, "आता तुमच्याशी." मला प्रश्न पडला. खरा खेळलो तर तो दहा मिनिटांत संपणार. मुद्दाम हरलो तर ते त्याला कळणार, आणि तो अपमान हरण्याहून मोठा. आपल्याकडं यावर जुना तोडगा आहे. लपंडावात, डब्बा ऐसपैसमध्ये धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू म्हणून घेतात. ते धावतं, ओरडतं, लपतं, पण बाद होत नाही. त्याला खेळाबाहेर ठेवत नाहीत आणि खेळात चिरडतही नाहीत. मी त्याला सांगून टाकलं, "पहिली पंधरा मिनिटं मी तुझ्या गावाकडं फिरकणार नाही. त्यानंतर मात्र सोडणार नाही." त्याला ते पटलं. पुढं तो स्वतःच म्हणाला, आता बारा मिनिटं. मग आठ. त्याचं मोठं होणं मी मिनिटांनी मोजलं. ज्या दिवशी तो म्हणाला, "अंकल, आता सूट नको," त्या दिवशी मी हरलो. मनापासून खेळून हरलो. त्याच्या डोळ्यांतला आनंद पाहताना, माझ्या वडलांना पंचांचं काम पाहताना काय वाटत असेल ते मला समजलं.

काही तरबेज खेळाडू दुसऱ्या नावानं नवं खातं उघडून नवख्यांत शिरतात आणि सहज विजय लुटतात. त्याला नियम आहेत, शिक्षाही आहेत. पण मला वाटतं हा गुन्हा नियमाआधी रितीचा आहे. आमच्या जत्रेत रेवड्यांच्या कुस्तीत कुणी तयार पैलवान लंगोट कसून उतरला असता, तर पंचांनी त्याला बोलायच्या आधी लोकांनीच बाहेर काढलं असतं. खेळ जिवंत ठेवायचा तर बलवानांना थोडं आवरून धरावं लागतं. ही दया नव्हे. हा आपला उद्याचा प्रतिस्पर्धी राखून ठेवण्याचा शहाणपणा आहे.

गेल्या वर्षी त्या मुलाला आणि त्याच्या आईवडलांना घेऊन आम्ही तंजावरला गेलो. राजेंद्राच्या वडलांनी, राजराजानं, १०१० साली पुरं केलेलं बृहदीश्वराचं मंदिर त्याला पाहायचं होतं. दगडाच्या भिंतींवर ओळीनं चोळांचे तमिळ लेख. ते पाहत चालता चालता मी थबकलो. एका भिंतीवर आपली अक्षरं होती. सरफोजी राजांनी १८०३ साली तिथं भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. आठशे वर्षांच्या भिंतीवर दूरदेशाहून आलेल्या घराण्यानं आपल्या भाषेत भर घातली. भिंत तीच, देव तोच, लिहिणारे नवे. मुलानं विचारलं, "हे तुमच्या भाषेत आहे?" मी वाचून दाखवू लागलो. पुढं मी एक तमिळ अक्षर विचारलं, ते त्यानं वाचून दाखवलं. जुनी वास्तू जपायची म्हणजे तिला कुलूप लावायचं, असं मला वाटत नाही. तिच्या सावलीत अजून कुणीतरी येऊन आपलं काही मांडतं आहे, तोवर ती जुनी होत नाही.

या डिसेंबरात नागपूरच्या मित्रानं सगळ्यांना शोधून काढलं. मदुराईचा एक, कोट्टयमचा, विजयवाड्याचा, परदेशी गेलेला. आम्ही सहा भरलो. सातवा खालचा मुलगा. आता त्याला मिसरूड फुटलं आहे. आठवी जागा त्यानं आपल्या धाकट्या बहिणीला दिली. तिचा हा पहिलाच डाव. सामना कुठल्या केंद्रावरून चालवायचा त्यात 'मध्य भारत' आलं. मायक्रोसॉफ्टचं मध्य भारत म्हणजे पुणे. चेन्नईत बसून खेळायचं, आणि हुकूम पुण्याला जाऊन यायचे, हे मला फार बरं वाटलं.

पाच मिनिटांत खेळ अडखळू लागला. सैनिक पाण्यातून चालल्यासारखे चालू लागले. नव्या आवृत्तीत क्रमवारीच्या सामन्याआधी संगणकाची चाचणी द्यावी लागते, त्यामुळं तिथं असं सहसा घडत नाही. पण हा आमचा घरचा डाव होता. शोधलं तर तिचा लॅपटॉप. आईनं वापरून टाकलेला, दहा वर्षांचा. मुलगा ओशाळला. म्हणाला, "तिला काढू का?"

तिकडून, इकडून, साता समुद्रापलीकडून एकदमच आवाज आले. नको. कुणीतरी चार नंबर म्हणालं, आणि आम्ही सहाही जण हसलो. ती पहिलंच मेंढरू शोधत अंधारातून आपला घोडेस्वार हळूहळू पुढं नेत होती. आम्ही सगळे तिच्या पावलानं चालत राहिलो.